आठ नंबरचा पाचवा गडी

लोहाऱ्याच्या बंद सूतगिरणीचा चौकीदार देवीलाल आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते त्याने अजून मागे घेतलेलं नाही. ज्यांना तो माहीत नाही ते म्हणतील, त्यात काय एवढं, माणूस दिवसातून दहा वेळा खोटं बोलतो. बोलत असेल तुमचा माणूस. देवीलाल बास्केटबॉलचा स्कोअरर होता.

यवतमाळात बास्केटबॉल कुठून आला, असं फक्त बाहेरचेच विचारतात. कापसाला भाव होता, गिरणीचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजत होते, तेव्हा चेअरमनसाहेबांना हौस आली की आपल्या गिरणीची टीम असावी. नुसती हौशी पोरांची नाही, पगारी गड्यांची. खेळाडूचं नाव कामगारांच्या हजेरीत, पगार गिरणीचा, आणि काम एकच, सकाळ-संध्याकाळ बॉल. असे चौघे आणले. महागावकडच्या तांड्यांतून हिरासिंग आणि धावजी, नागपूरहून धरमसिंग, थेट केरळातून वर्गीस. पाचवा घरचाच, यवतमाळच्या वकिलाचा मुलगा यज्ञेश्वर. त्याला हजेरीबाबूची खुर्ची दिली होती, तिच्यावर तो बसलेला कुणी पाहिला नाही. या खेळात बनियनचे नंबर चारपासून सुरू होतात. हिरासिंग चार, धरमसिंग पाच, वर्गीस सहा, धावजी सात, यज्ञेश्वर आठ.

देवीलाल बोरी अरबजवळच्या तांड्यातला. झाडूवाला म्हणून लागला. सिमेंटचं ग्राउंड झाडायचं, चुन्याने रेघा मारायच्या, पाटीवर टिनाचे आकडे टांगायचे, एवढंच काम. पण नजर अशी की पंचाच्या आधी याला फाउल दिसायचा. वर्गीसने ते हेरलं आणि त्याला स्कोअरशीट भरायला शिकवलं. मोडक्या हिंदीत एकच मंत्र दिला, "देवी, मुँह कुछ भी बोले, पेन झूठ नहीं बोलना." प्रत्येक सामना संपला की वर्गीस घामाने निथळत याच्या खुर्चीमागे येऊन उभा राही, वाकून शीट तपासी आणि मगच पाणी पिई.

देवीलालने तो मंत्र असा धरला की पुढे सख्ख्या भावालाही सोडलं नाही. ब्याण्णव सालच्या टीममध्ये त्याचा धाकटा भाऊ खेमसिंग चार नंबर घालून खेळायचा. एकदा त्याने मारलेला गोल शिट्टीनंतरचा होता. पंच चुकला, पण देवीलालने टेबलावर हात आपटून तो कापायला लावला. खेमसिंग दोन महिने भावाशी बोलला नाही. आई म्हणाली, असा कसा रे माझ्या पोटी आला, दगड आहे का धोंडा!

तर गिरणीच्या दोन टीमा झाल्या, चौऱ्याऐंशीची आणि ब्याण्णवची. ब्याण्णवची राज्य जिंकून आली, तिची मिरवणूक निघाली. चौऱ्याऐंशीचीही निघाली असती. तेवीस सामने खेळली, एक हरली नाही. तेविसावा सामना नागपूरची सेमीफायनल, एकसष्ट-साठ. शेवटच्या क्षणी यज्ञेश्वरने गोल टाकून तो एक पॉइंट काढला आणि खाली येताना त्याचा गुडघा फिरला. त्याला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं. बाकी चौघे जीपने घराकडे निघाले आणि कळंबच्या अलीकडे ट्रकखाली गेले. चौघेही. फायनल रद्द झाली.

यज्ञेश्वर गुडघ्यामुळे वाचला आणि जन्मभर गुडघ्यालाच शिव्या देत राहिला. पुढे कापसाचे हाल कुत्रा खाईना, गिरणी बसली, मशिनी लिलावात गेल्या, भिंती राहिल्या. देवीलालला तिथेच दिवसपाळीचा चौकीदार म्हणून ठेवलं. दर रविवारी यज्ञेश्वर काठी टेकत ऑटोतून यायचा, कडुनिंबाखालच्या बाकावर बसायचा, आणि दोघांचं भांडण सुरू व्हायचं. भांडण एकच, दहा वर्षांचं. चौऱ्याऐंशी आणि ब्याण्णव समोरासमोर आल्या असत्या तर कोण जिंकलं असतं?

"अबे, वर्गीसच्या हातून बॉल कोणी काढून दाखवला का?" यज्ञेश्वर काठी आपटायचा.

"यज्ञूभाऊ, आमची पोरं तुमच्यापेक्षा वीतभर उंच होती ना बापा. तुमचा वर्गीस त्यायच्या काखेतून पाहत राह्यला असता."

खरं सांगायचं तर देवीलाललाही ठाऊक होतं कोण जिंकलं असतं. पण ते कबूल केलं तर रविवारी बोलायचं काय? त्या वर्षांत पेपरच्या पहिल्या पानावर चौकट यायची, जिल्ह्यात आजवर किती शेतकऱ्यांनी जीव दिला त्याचा आकडा. यज्ञेश्वर पेपर उलटा घडी करून बाकाखाली ठेवायचा आणि म्हणायचा, "देव्या, आकडा लिहायचा तर खेळाचा लिहावा." म्हणून देवीलाल भांडत राहिला. त्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय!

दोन हजार पाचच्या दिवाळीआधी यज्ञेश्वरने हट्टच धरला, एकदाचा निकाल लाव. कागदावर सामना मांड. कोणी किती गोल टाकायचा, कोणाचे फाउल किती, सगळं जुन्या शीटांवरून काढ. देवीलालने पेटीतून एक कोरी स्कोअरशीट काढली. दोन्ही टीमांची नावं नंबरवार लिहिली. तारीख-वेळेचा रकाना मोकळा ठेवणं त्याच्या हाताला जमतच नव्हतं, म्हणून दिवाळीनंतरचा रविवार, दुपारी चार, असं टाकलं. कागद घडी करून खिशात घातला आणि सणाला तांड्यावर गेला.

दिवाळीच्या अमावस्येला तांड्यात धबुकार असतो. घरचा कर्ता माणूस निखाऱ्यावर तूप आणि लापशी सोडतो आणि आपल्या गेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलावतो. नाव फक्त गेलेल्याचंच घ्यायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. देवीलालने आजा घेतला, बाप घेतला, आई घेतली. तूप चरचरलं. आणि त्याला वर्गीस आठवला. वाटलं, वर्गीसला कोण बोलावत असेल? त्याच्या लोकांत ही रीत तरी असेल का? वीस वर्षं झाली, चौघांना एक घास नाही. त्याने खिशातला कागद काढला, निखाऱ्याच्या उजेडात धरला आणि एकेका नावाला घास सोडत वाचायला लागला.

"चार नंबर, हिरासिंग. पाच नंबर, धरमसिंग. सहा नंबर, वर्गीस. सात नंबर, धावजी. आठ नंबर, यज्ञेश्वर."

सामन्याआधी स्कोअरर पाच नावं वाचतो. देवीलालने हजार वेळा वाचली होती. जीभ चौथ्या नावावर थांबलीच नाही, उतारावरच्या गाड्यासारखी पाचव्यापर्यंत गेली.

हंसाबाई, त्याची बायको, मागे ताट घेऊन उभी होती. ती ओरडली, "याडी ये! ओ बबलूर बा, शेवटचा तो तर जिता हाय ना! तो काठीवाला!"

देवीलालने कागद झटकन मिटला. निखारा भर्रकन पेटला आणि पाचही घास जळून गेले, एक दाणा उरला नाही.

सुट्टी संपवून तो बुधवारी कामावर आला. दुपारी भाकर सोडली तर ग्राउंडाकडून आवाज आला. टप्प. टप्प. टप्प. गिरणीत बॉल राहिलाच नव्हता, शेवटचा उंदरांनी खाल्ला होता. तो उठून गेला. सिमेंटच्या भेगांत गाजरगवत, जाळी नसलेल्या दोन लोखंडी रिंगा, लख्ख ऊन. माणूस नाही. आणि आवाज चालूच.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. देवीलाल स्कोअरर, तो ऐकत उभा राहिला आणि त्याला एकेक जण ओळखू आला. ही खालून झपाझप टप्पी वर्गीसची. उडी मारून धप्पकन उतरला तो धरमसिंग. पाय घासत धावतो तो धावजी. हिरासिंग नाकातून श्वास सोडतो तसा सुस्स आवाज. चौघे. बॉल फिरत फिरत डाव्या कोपऱ्यात जायचा, जिथे आठ नंबर उभा राहायचा, आणि तिथे घेणाराच नव्हता. मग रेघेबाहेर गडगडण्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. ते पाचव्याची वाट पाहत होते. या खेळात पाच गडी मैदानात असल्याशिवाय सामना सुरू होत नाही.

शुक्रवारी तो फराळाच्या निमित्ताने यज्ञेश्वरच्या घरी गेला. दार यज्ञेश्वरनेच उघडलं, काठीशिवाय.

"पाहा हो भाऊजी!" रत्नप्रभावहिनी आनंदाने म्हणाल्या. "अमावस्येपासून गुडघा एकदम बरा. वीस वर्षांत पहिल्यांदा जिना चढून गेले. नवीन तेल लागू पडलं बहुतेक."

त्यांची मुलगी अनघा मात्र हसत नव्हती. देवीलालला पाणी देताना हळूच म्हणाली, "काका, बाबा चार दिवस जेवले नाहीत. भूकच नाही म्हणतात. हात पाहा त्यांचा."

देवीलालने हात हातात घेतला. माठाच्या तळाला हात लावावा तसा थंड. यज्ञेश्वर खुशीत होता, चेहरा मात्र पांढराफटक. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, "रविवारी चारला ना रे? येतो मी."

चारची वेळ देवीलालने त्याला सांगितलेली नव्हती. कागद खिशाबाहेर काढलाच नव्हता त्याने, फक्त त्या निखाऱ्यापुढे.

देवीलाल तसाच बस धरून तांड्यावर गेला. "कागद फाडून टाकू का?" त्याने हंसाबाईला विचारलं.

"फाडू नोका. बोलावलेला पाव्हना हाकलता येते का कुठं? फाडलं तर ते इथंच अडकून राह्यतीन. ज्या कामासाठी बोलावलं ते काम संपवा, मंग जातीन आपल्या पायानं." तिने त्याच्या खिशाकडे पाहिलं. "तो पाचवा गेला त त्यायचे पाच होतीन. मंग समोरचे पाच कोन? कागदावर त्यायचीबी नावं हायेत ना? तुमचा भाऊ?"

देवीलालने कागद काढून दुसरी यादी पाहिली, चार नंबर खेमसिंग. खेमसिंग पुण्यात कुठल्याशा सोसायटीत गार्ड होता. लेकरं लहान होती.

सामना मिटवायचा, पण खेळू द्यायचा नाही. शनिवारभर त्याने डोकं खाजवलं आणि मग वर्गीसनेच शिकवलेला नियम आठवला. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पाच गडी उभे राहिले नाहीत तर ती टीम न खेळता हरते. ब्याण्णवची नावं त्याने अजून पुकारलीच नव्हती, त्यामुळे तिचे गडी मोजायचा प्रश्न नव्हता. शीटवर लिहायचं, वीस-शून्य, आणि सही. संपलं. पण चौऱ्याऐंशीची टीम कधी हरली नव्हती. तिची पहिली हार देवीलालने लिहायची, तीही न खेळता. हात जळावा असं वाटलं त्याला.

रविवारी त्याने ग्राउंडाच्या कडेला मोडकं टेबल मांडलं, खुर्ची मांडली. शीट उलगडली, तिच्यावर शिट्टी ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. चार वाजले. टप्पीचा आवाज मधोमध आला आणि थांबला. चौघे आपापल्या जागी उभे राहिले असावेत. वारा पडला. कडुनिंबावरचे कावळेही गप्प.

एक मिनिट. चार मिनिटं. देवीलाल मनात म्हणत होता, नको येऊ बापा, झोप लागू दे तुले, पाहुणा येऊ दे घरी, काहीबी होऊ दे. सात मिनिटं झाली आणि फाटक वाजलं. यज्ञेश्वर आला, चालत, ताठ. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात आठ नंबरचं जुनं बनियन. लंगडणं नाही की दम लागणं नाही. वयाच्या पन्नाशीतला माणूस पंचविशीच्या चालीने येत होता आणि त्याची नजर देवीलालवर नव्हतीच, मैदानात होती.

"आलो रे," तो म्हणाला. ते कोणाला, हे देवीलालला कळलं.

रेघेपासून दोन पावलं राहिली होती. याला धरून ओढायचं म्हटलं तर देवीलालच्या अंगात तेवढा जोर नव्हता. दहा वर्षांत या माणसाला जागेवर थांबवणारी एकच गोष्ट त्याला माहीत होती. तो ओरडला, "यज्ञूभाऊ! नियम कोनते? जुने का नवे?"

पाऊल थांबलं. "म्हणजे?"

"तुमच्या टायमाले तीनचा गोल होता का? नाई ना! लांबून टाका नाहीतर जवळून, दोनच. माहा खेम्या टाकते त्यातले अर्धे गोल तीनचेच धरा. नव्या नियमानं तुमच्या टीमचा भुगा होते!"

"अबे, हट!" यज्ञेश्वर वळला. "आम्ही आधीचे, नियम आमचा! अन् तीनचा असता तर वर्गीसने टाकले नसते का?"

"वर्गीस? लांबून? टेबलावरून पाह्यलं मी, दहातले दोन!"

"दहातले सहा! तुला मोजता येत नाही!"

झालं, जुंपली. देवीलाल भांडत होता आणि एक डोळा घड्याळावर होता. नऊ मिनिटं. अकरा. कोण कोणाला अडवील, धरमसिंग उडाला तर कुठवर, ब्याण्णवचा दम शेवटच्या दहा मिनिटांत टिकेल का. कोणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हटलं असतं, दोन म्हातारे येडे झालेत. बारावं मिनिट सरताना मैदानातून बॉल गडगडत आला. दिसला नाही, आवाज आला. यज्ञेश्वरच्या बुटाशी येऊन थांबला. कापराच्या तेलाचा वास आला, सामन्याआधी चौघे पायाला चोळायचे तो. यज्ञेश्वरचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. तो हसला आणि बॉल उचलायला वाकला. आता तीन मिनिटं उरली होती आणि भांडणाचे सगळे मुद्दे संपले होते.

मग देवीलाल ते बोलला.

"नागपूरची सेमीफायनल तुम्ही हरले होते."

यज्ञेश्वर वाकलेलाच राहिला. "काय म्हणालास?"

"एकसष्ट-साठ नोहतं ते. एकोणसाठ-साठ होतं. तुमचा शेवटचा गोल शिट्टीनंतरचा. मी लिहून टाकला. वर्गीसची कीव आली मले. तुमची टीम जिंकलीच नोहती कधी, मी जिंकवली."

यज्ञेश्वर सरळ झाला. बॉल तिथेच राहिला. त्याच्या पांढऱ्या चेहऱ्यावर रक्त चढलेलं देवीलालने पाहिलं आणि त्याला रडू आलं. "हरामखोरा!" यज्ञेश्वर गर्जला. मैदानाकडे पाठ करून तो टेबलावर चालून आला, देवीलालची गचांडी धरली आणि त्याला गदागदा हलवलं. "खोटं बोलतोस! त्या पॉइंटसाठी माझा गुडघा गेला! सांग, खोटं आहे म्हण!"

त्याचे हात गरम होते. देवीलालने मानेवर ते गरम हात सोसले आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सोळा मिनिटं. गचांडी धरलेली असतानाच त्याने पेन उचललं आणि शीटवर लिहिलं, वीस-शून्य. ब्याण्णव विजयी. खाली सही केली.

यज्ञेश्वरने ते वाचलं. आणि त्याचा गुडघा गेला. वीस वर्षांपूर्वी गेला होता तसाच, कच्चकन. तो बोंब मारून टेबलाशी कोसळला. मैदानातून चार जोडी पावलं निघाली, घाई नव्हती त्यांना. तीन फाटकाकडे गेली. चौथी देवीलालच्या खुर्चीमागे येऊन थांबली. मानेवर गार श्वास लागला, कोणीतरी वाकून शीट पाहत होतं. देवीलाल डोळे मिटून पुटपुटला, "मुँह बोला साब. पेन नहीं बोला." श्वास बाजूला झाला. पावलं गेली. कडुनिंबावर कावळे ओरडले.

यज्ञेश्वर तीन दिवस तापात पडला. चौथ्या दिवशी उठून त्याने तीन पोळ्या खाल्ल्या आणि काठी मागितली. बरा झाला. देवीलालचं तोंड मात्र त्याने पुन्हा पाहिलं नाही. गावभर सांगितलं की तो चौकीदार चोर आहे, त्याने मेलेल्यांची इज्जत खाल्ली. चहाच्या टपरीवर लोक देवीलालला पाहून गप्प व्हायला लागले. ज्याने भावाचा गोल कापला त्याला बाहेरची पोरं "एक पॉइंट" म्हणून चिडवायला लागली. त्याने ते ऐकून घेतलं. रविवारी दुपारी बाकावर एकटाच बसायचा, अजून बसतो.

सहा वर्षांनी अनघा आली, लग्नाची पत्रिका घेऊन. बाकावर बसली, इकडचं-तिकडचं बोलली आणि मग राहवलं नाही तिला. "काका, एक विचारू? तो पॉइंट खरंच खोटा होता का हो?"

देवीलालने ग्राउंडाकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "नाई माय. एकसष्ट-साठ. शिट्टीच्या आधीचा गोल. तुया बापासारखा गडी मी पाह्यला नाई. अन् कोनती टीम मोठी म्हनशीन तर चौऱ्याऐंशीची. कधीबी."

अनघाचे डोळे भरले. "मग सांगा ना त्यांना! चला, आत्ता चला माझ्याबरोबर. सहा वर्षं झुरताहेत ते. ऐकून किती खूश होतील!"

"होतीन. लई खूश होतीन." देवीलालने मानेवरून हात फिरवला, जिथे ते गरम हात लागले होते. "गुडघा कसा हाय त्यायचा?"

"काय सांगू. रात्रंदिवस ठणकतो. आणि ठणकला की तुम्हाला शिव्या देतात."

"देतात ना?" देवीलाल म्हणाला. "मंग राहू दे माय. देऊ दे."